एकशे सहाला उकळणारं पाणी

"पाणी एकशे सहाला उकळत नाही सर, आणि मी तसं लिहिणार पण नाही."

"नाही लिहिलंस तर मी सही करणार नाही. बरोबर?"

"नका करू."

"सही नाही तर शुक्रवारी प्रात्यक्षिकाला बसता येणार नाही. बरोबर? आणि प्रात्यक्षिक नाही तर वर्ष गेलं. बरोबर?"

प्रयोगशाळेच्या मागच्या कोपऱ्यात, बेसिनपाशी, एक माणूस परीक्षानळ्या धूत उभा होता. तो हे सगळं ऐकत होता आणि एकच नळी चौथ्यांदा धूत होता. हा प्रयोगशाळेचा परिचर. चंचुपात्रं याच्याइतकी लख्ख कुणी घासत नाही, म्हणून कधीकाळी कुठल्यातरी वर्गानं त्याचं नाव चंचूमामा पाडलं, आणि ते नाव असं चिकटलं की पगारपत्रकात तेवढं खरं नाव उरलं. बाकी सगळीकडे चंचूमामा.

समोर भांडणारी मुलगी त्याची खरीखुरी भाची. थोरल्या बहिणीची मुलगी, दहावीत. तिचं घरातलं नाव ठिणगी. ते मामानंच ठेवलेलं, ती तीन वर्षांची असताना. कारण तेव्हाही ती अशीच होती. दूध गार आहे म्हणून पेला भिंतीवर.

आणि ज्यांच्याशी भांडण चाललं होतं ते विज्ञानाचे सर. प्रत्येक वाक्याच्या शेपटीला 'बरोबर?' लावायची त्यांना सवय, म्हणून अख्खी शाळा त्यांना बरोबर-सर म्हणायची. त्यांना ते माहीत होतं. काही म्हणायचे नाहीत. तसा माणूस वाईट नव्हता. पाच तुकड्या, दोनशेच्या वर जर्नलं आणि एक लाल पेन. इतक्यात माणूस वाईट व्हायलासुद्धा वेळ मिळत नाही.

भांडण होतं एका पानावरून. प्रयोग अगदी साधा. चंचुपात्रात पाणी घ्या, खाली बर्नर लावा, दर दोन मिनिटांनी तापमान लिहा, मग आलेख काढा. अकरा वाचनं. वर्गातल्या बेचाळीसपैकी एकेचाळीस जणांचं पहिलं वाचन सव्वीस आणि शेवटचं एकशे सहा. ठिणगीचं मात्र नव्याण्णवला जाऊन जे थांबलं, ते पुढं सरकलंच नाही.

सरांचं म्हणणं सरळ होतं. बावीस वर्षं सगळ्यांचं एकशे सहा आलं. हिचं एकटीचं नव्याण्णव. मग चूक कुणाची?

"पण सकाळी तुम्हीच फळ्यावर लिहिलं ना," ठिणगी म्हणाली. "पाणी शंभरला उकळतं म्हणून."

"ते पुस्तकातलं. हे प्रयोगशाळेतलं," सर म्हणाले. "दोन्ही वेगळं असतं. बरोबर?"

यावर ठिणगीनं जर्नल मिटलं, दप्तरात कोंबलं आणि दार आपटून गेली. दाराला स्प्रिंग होती, त्यामुळे ते हळूहळू लागलं आणि तिचा सगळा राग वाया गेला.

आता हे एकशे सहा सगळ्यांचं कसं काय यायचं, ते सांगायला हवं. प्रयोगशाळेच्या कपाटात, वरच्या फळीवर, खाकी कव्हर घातलेलं एक जुनं जर्नल होतं. मुलं त्याला आई-जर्नल म्हणायची. दर वर्षी वर्गाच्या मॉनिटरला ते एका दिवसासाठी मिळायचं. मॉनिटर उतरवून घ्यायचा, मॉनिटरचं बघून पहिला बाक, पहिल्या बाकाचं बघून दुसरा, असं करत आठवड्याभरात विज्ञान शेवटच्या बाकापर्यंत पोचायचं. सर आई-जर्नल मांडीवर घेऊन तपासायला बसायचे. जुळलं की लाल खूण. प्रयोग म्हणाल तर तो वर्षातून एकदा सरांच्या टेबलावर व्हायचा, पाणी उकळलं की संपायचा, तापमापी कुणी वाचायचं नाही, आणि तिसऱ्या बाकापासून मागे सरांची पाठ दिसायची. सामान मुलांच्या हाती द्यायची सोय नव्हती. काही फुटलं तर तीन अर्ज भरावे लागत.

नवीन सामानाचं तर विचारूच नका. सहा महिन्यांपूर्वी कुठल्याशा योजनेतून शाळेला तापमानाचे सहा सेन्सर मिळाले, एक टॅब मिळाला आणि भिंतीवर एक भला मोठा पडदा लागला. सेन्सर पाण्यात बुडवला की पडद्यावर आलेख आपोआप उमटत जाणार. फार भारी वस्तू. इतकी भारी की ती खोक्यातून कुणी बाहेर काढली नाही. दर सोमवारी खोकं पुसायचं, हे चंचूमामाचं काम. पुसायचं फक्त, उघडायचं नाही.

ठिणगीनं शनिवारी मामाकडे एक चंचुपात्र आणि तापमापी मागितली होती. शाळा सुटल्यावर अर्धा तास, कुणाला कळणार नाही म्हणाली. मामा तेव्हा स्टँड रंगवत होता. घे म्हणाला. ती त्या अर्ध्या तासात काय करणार आणि त्यातून काय निघणार, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. आलं असतं तर त्यानं तापमापी तिच्या हातात दिली असती का? बहुतेक नसती दिली. कारण ते एकशे सहा त्याचं होतं.

अगदी त्याच्या हातचं. बावीस वर्षांपूर्वी तो शाळेत नवाच लागलेला, सरही नवे. दुसऱ्या दिवशी तपासणी होती आणि दाखवायला नमुन्याचं जर्नल नव्हतं. सरांनी त्याला एक कोरं जर्नल दिलं, पहिलं पान पाण्याचं, आणि सांगितलं, करून लिहून ठेव. शाळेत तेव्हा एकच तापमापी. त्यानं ती कपाटातून काढली, टेबलावर ठेवली, बर्नर आणायला वळला. मागे टक्क झालं. पाऱ्याचे मणी फरशीभर पळाले. नोकरीचा दुसरा आठवडा होता. त्यानं पारा कागदावर गोळा केला, बाटलीत भरला, बाटली लपवली आणि पंख्याखाली बसला. पानावर अकरा ओळी होत्या. पहिल्या ओळीत त्यानं सव्वीस लिहिलं, कारण खिडकीतून येणारं वारं साधारण तेवढंच वाटत होतं. पुढच्या प्रत्येक ओळीत आठ मिळवत गेला. चौतीस, बेचाळीस, पन्नास. अकराव्या ओळीत एकशे सहा आलं. बेरीज बरोबर होती. शाळा त्यानं सातवीतच सोडलेली, आणि पाणी कुठं तरी थांबतं हे सातवीपर्यंत त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

कळलं ते दोनेक वर्षांनी, मागे उभं राहून सरांचा तास ऐकता ऐकता. तोवर दोन वर्ग एकशे सहा लिहून बाहेर पडले होते. आज सांगू, उद्या सांगू करत तो राहिला. मग पाच वर्गांचं झालं, दहांचं झालं, आणि एवढ्या सगळ्यांना जाऊन सांगणार तरी कुठं.

त्या सोमवारी संध्याकाळी दोघं बरोबरच घरी निघाली. मामा बहिणीच्याच घरी, मागच्या खोलीत राहायचा. रस्त्याभर ठिणगीच्या तोंडाचा पट्टा चालू. तिनं सरांना घेतलं, मॉनिटरला घेतलं, पहिल्या बाकाला घेतलं. मग म्हणाली, "मला एकच सांग मामा. हे पहिल्यांदा लिहिणारं गाढव कोण असेल रे?"

मामा म्हणाला, असेल बिचारा कोणी, घाईत असेल.

"घाई असली की पाणी जास्त तापतं का?"

मामानं चप्पल सारखी केली. मग घसा खाकरून समजावणीचा सूर लावला. एक आकडाच तर आहे. आत्ता लिहून टाक, सही घे, परीक्षा दे. नंतर वाटलं तर पाणी दोनशेला उकळव, कोण विचारतंय.

ठिणगी रस्त्याच्या मधोमध थांबली. मागून येणारा सायकलवाला शिव्या देत वळसा घालून गेला.

"तू पण?" ती म्हणाली. एवढंच. घर येईपर्यंत एक शब्द नाही.

घरी ताईनं, म्हणजे ठिणगीच्या आईनं, सगळं ऐकून घेतलं आणि मुलीलाच झापलं. म्हणाली, मामाचं ऐकत जा जरा, तो बावीस वर्षं विज्ञानात आहे. विज्ञानात असलेल्या मामानं अर्धं ताट बाजूला सारलं.

मंगळवारी सरांनी पुन्हा विचारलं, ठिणगी पुन्हा नाही म्हणाली. बुधवारी मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, स्वतः प्रयोगशाळेत आल्या. उद्या तपासणीला वरून एक बाई येणार आहेत, त्यांना शाळेत तंत्रज्ञान कसं वापरतात ते बघायचं आहे, म्हणाल्या. सगळ्यांनी मिळून खोक्याकडे बघितलं. त्याच्यावरचा पट्टासुद्धा अजून निघालेला नव्हता.

सगळे घरी गेल्यावर सर आणि मामा दार लावून तालमीला बसले. मामानं टॅब चालू केला, तो पडद्याला जोडला, सेन्सर पाण्यात सोडला, बर्नर लावला. पडद्यावर एक निळी रेघ निघाली. आधी रांगली, मग चढली, चढत चढत नव्याण्णववर गेली आणि तिथं आडवी पडली. पाणी खदखदत होतं, वाफा निघत होत्या, रेघ ढिम्म.

सर म्हणाले, बिघडलेला दिसतो. दुसरा लाव. दुसरा लावला. नव्याण्णव. तिसरा. नव्याण्णव. सरांनी कपाळ पुसलं. म्हणाले, सगळा मालच खराब पाठवलाय.

मामाला आतून गुदगुल्या व्हायला लागल्या होत्या.

खोक्यावर कंपनीचा नंबर होता, सरांनी तो लावला. पलीकडं कोणी तरुण पोरगा होता. त्यानं नीट समजावलं की तुमच्या प्रमाण वाचनापेक्षा यंत्र कमी दाखवत असेल तर सेटिंगमध्ये जाऊन तेवढा फरक भरता येतो. मग विचारलं, तुमचं प्रमाण वाचन किती? सरांनी आई-जर्नल उघडलं, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि सांगितलं, एकशे सहा.

पोरानं तो आकडा पुन्हा एकदा विचारून घेतला.

"सर, पाणीच उकळताय ना?" पोरगा म्हणाला.

सरांनी फोन ठेवला आणि मामाला हुकूम सोडला. सात वाढवा. सगळ्यांना. मामानं टॅबवर बोट फिरवून सहाही सेन्सरना सात-सात अंश चढवले. मग सहज एक सेन्सर नळाच्या गार पाण्यात बुडवला. पडद्यावर आलं चौतीस.

"सर, आता पहिलं वाचन चुकतंय."

"पहिलं कोण बघतं मामा? शेवटचं बघतात. बरोबर?"

आता इथं मामाला बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. पण त्याच्या डोक्यात एक भन्नाट डाव शिजायला लागला होता. उद्या हे यंत्रच बोलेल. त्या बाई शिकलेल्या असणार, त्यांच्या लगेच लक्षात येईल. एकशे सहा पडेल, ठिणगीचं नव्याण्णव उभं राहील, सही होईल, आणि पंख्याखाली बसलेल्या माणसाचा विषयच निघणार नाही. सापही मेला, काठीही कपाटात. त्या संध्याकाळी तो शीळ घालत घरी गेला. ठिणगी अजूनही बोलत नव्हती. त्यानं तिला उद्या गंमत बघ म्हटलं. तिनं पाठ फिरवली.

गुरुवारी तपासणीच्या बाई आल्या. बुटक्याशा, खांद्याला ढगळ पिशवी, चष्मा दोरीनं गळ्यात. त्यांच्यासाठी पुढं गादीची खुर्ची मांडली होती. त्या सरळ चालत मागे गेल्या आणि शेवटच्या बाकावर मुलांमध्ये बसल्या. मोठ्या बाईंना काय करावं सुचेना, त्या खुर्चीशेजारी उभ्या राहिल्या. जर्नलवर सही नसणाऱ्यांनी बाहेर थांबायचं, असं सरांनी आधीच सांगून ठेवलेलं. सही नसणारी एकच होती. ती दारात उभी राहिली, एक पाय बाहेर, एक पाय आत.

सरांनी बर्नर लावला. पडद्यावर निळी रेघ चौतीसपासून निघाली, कारण पाणी नळाचंच होतं. चढली. पन्नास, सत्तर, नव्वद. शंभर ओलांडताना मुलं जराही चपापली नाहीत. एकशे सहाला रेघ आडवी झाली.

"किती आलं?" सरांनी विचारलं.

"एकशे सहा," एकेचाळीस गळ्यांनी सांगितलं.

तपासणीच्या बाईंचं पेन थांबलं. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. मग म्हणाल्या, हे यंत्र नीट चालतं ना?

मामा ह्याचीच वाट बघत होता. तो सेन्सर नळाखाली गार करून, पुसून, लगबगीनं शेवटच्या बाकापर्यंत गेला. "मुठीत धरून बघा ना मॅडम," तो म्हणाला. "मुलांना गंमत वाटते."

बाईंनी मुठीत धरला. पडद्यावर आकडा चढला. अडतीस, चाळीस, एकेचाळीस.

मोठ्या बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. तुम्हाला एवढा ताप आहे आणि तुम्ही बोलला नाहीत, असं म्हणत त्यांनी पंखा वाढवला, कुणाला तरी पाणी आणायला पिटाळलं, गादीची खुर्ची स्वतः उचलून मागे नेली. बाईंनी सेन्सर त्यांच्याच हातात दिला. चाळीस. सरांच्या हातात दिला. बेचाळीस, कारण सरांच्या तळव्यांना दरदरून घाम फुटला होता आणि ते तापलेही होते. पहिल्या बाकावरच्या पोरानं हात पुढं केला. एकेचाळीस. मग सगळ्यांनाच बघायचं होतं. दोन मिनिटांत अख्ख्या वर्गाला ताप चढला आणि हसण्यानं खिडक्या वाजायला लागल्या.

सगळ्यात मोठ्यानं कोण हसत होतं? दारातली.

मोठ्या बाईंनी तिकडं बघितलं, आणि मामाचा डाव तिथंच उलटला. त्यांना सरांकडून कळलेलं होतं की ही मुलगी चार दिवस भांडतेय, आणि शनिवारी चोरून सामानाला हात लावून बसली होती. त्यांनी दोन्हीची बेरीज केली. आठ-आठची होती तशीच, दिसायला चोख.

"यंत्राला हिनं काहीतरी केलंय," त्या म्हणाल्या. "खरं बोल गं, केलंस ना?"

"मी केलं असतं तर बरोबर दाखवलं असतं," ठिणगी म्हणाली.

हे बोलायला नको होतं. मोठ्या बाईंचा चेहरा लाल झाला. त्या म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता ऑफिसात चल. आईला बोलावते. आणि उद्याची परीक्षा तर विसरच.

ठिणगीनं सरांकडे बघितलं. सर जमिनीकडे बघत होते. मग तिनं मामाकडे बघितलं. मामाही जमिनीकडेच बघत होता. फरशीच्या एका चौकोनात दोन मोठी माणसं काय शोधत होती कोण जाणे. ठिणगीचे डोळे भरले. ती रडणाऱ्यांतली नाही. रागानं भरले. ती वळली आणि चालायला लागली.

तिचा पाय व्हरांड्यात पडला आणि मामाच्या हातातला चिमटा टेबलावर आपटला.

"तिनं नाही केलं," तो म्हणाला. "सेन्सरमध्ये सात मी वाढवले, काल संध्याकाळी. जर्नलात एकशे सहा आहे ना, ते जुळावं म्हणून. आणि ते एकशे सहा पण मीच लिहिलंय. प्रयोग न करता. तापमापी फुटली होती, माझ्याच हातनं. पानावर अकरा ओळी होत्या, आठ-आठ मिळवून भरल्या."

मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच "आयला" म्हटलं.

मग सर बोलले. हळूच, पण ऐकू येईल असं.

"सात वाढवायला मी सांगितलं होतं."

पुढं 'बरोबर?' नव्हतं. मुलं वाट बघत राहिली, आलंच नाही.

तपासणीच्या बाईंनी सगळं लिहून घेतलं असेल असं वाटतं ना? नाही. त्यांनी वही पिशवीत टाकली आणि आई-जर्नल मागितलं. ते पान त्यांनी वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचलं. मग वर्गाला विचारलं, हे किती जणांनी लिहिलंय? एक हात वर झाला, मग दुसरा, मग सगळे, कोणी खांद्यापर्यंत, कोणी कानापर्यंत. एकेचाळीस. आणि स्वतः पाणी उकळून किती जणांनी लिहिलंय? दारातून एक हात आला.

मग त्यांनी निकाल दिला, बसल्या जागेवरून, चष्मा न काढता. यंत्रातले सात काढा. सहाच्या सहा सेन्सर बाहेर काढा. मोठ्या बाई म्हणाल्या, अहो उद्या परीक्षा आहे. बाई म्हणाल्या, म्हणूनच आज दुपार आहे. एकेचाळीस जणं हे पान आज पुन्हा करतील, ज्याचं जे येईल ते लिहील, आणि मी इथंच बसलेय. आणि जिनं आधीच केलंय तिला सही आत्ता मिळेल. ऑफिसात जायचं काही कारण नाही. तापमापी कुणी फोडली ते नंतर बघता येईल. ती फुटून बावीस वर्षं झाली, अजून एक दिवस थांबेल.

ठिणगीनं जर्नल सरांपुढं ठेवलं. सरांनी सवयीनं पेन काढलं, सवयीनं पान उलटलं आणि सवयीनं खाली सही करायला टोक टेकवलं.

"सर, बघून करा," ठिणगी म्हणाली.

सरांनी पेन उचललं. चष्मा वर केला. पहिल्या ओळीपासून वाचायला लागले, एकेक आकडा, ओठ हलवत. असं जर्नल वाचताना त्यांना आजवर कुणी बघितलं नव्हतं. ते जमेल की नाही अशी त्यांची त्यांनाही शंका असावी. सातव्या ओळीवर ते थांबले.

"हे रिकामं का?"

"बारा मिनिटं झाली तेव्हा मामानं स्टँड धरायला बोलावलं होतं. मी बघितलंच नाही."

"मग वरचं आणि खालचं बघून अंदाजानं भरायचं की."

"नाही बघितलं तर कसं भरू?"

त्या रिकाम्या चौकोनावर सरांनी लाल खूण केली. खाली सही केली. सही जरा वाकडी आली. ठिणगीनं जर्नल छातीशी धरलं आणि पहिल्यांदा मामाकडे आली.

"ते गाढव तू होतास तर."

"हो."

"आठच का? नऊ का नाही मिळवले?"

"नवाचा पाढा येत नव्हता," मामा म्हणाला.

ती हसली नाही. पण बर्नरची नळी त्याच्या हातातून काढून घेतली आणि दुसऱ्या टेबलावर लावून दिली. सोमवारपासून तिनं त्याच्याशी केलेली ती पहिली माणुसकी.

मग जी दुपार झाली ती विचारू नका. सहा टेबलं, सहा बर्नर, सहा चंचुपात्रं आणि एकेचाळीस तोंडं. एक सेन्सर पाण्याऐवजी बर्नरवर धरला गेला, तो वाचला. एक चंचुपात्र फुटलं, ते वाचलं नाही, आणि अर्ज कोण भरणार यावर कुणी चकार शब्द काढला नाही. एका टेबलाचं अठ्ठ्याण्णव आलं, शेजारच्यांचं नव्याण्णव, आणि दोन्ही टेबलं एकमेकांच्या अंगावर धावून गेली. तुमचा सेन्सर तळाला टेकलाय. नाही, तुमचंच पाणी कमी आहे. मॉनिटर शेजारच्या टेबलाचं बघून लिहायला गेला तर तिथल्यांनी वहीच झाकली. मोठ्या बाई मामाला म्हणाल्या की संध्याकाळपर्यंत लेखी खुलासा माझ्या टेबलावर पाहिजे, आणि तेवढ्यात त्यांना कोणीतरी एक घड्याळ धरायला दिलं, दर दोन मिनिटांनी ओरडा म्हणून. त्या ओरडायला लागल्या. चांगल्या ओरडत होत्या.

मामा या टेबलावरून त्या टेबलावर पळत होता. घामानं निथळला होता आणि फार दिवसांनी हलकं वाटत होतं. नोकरीचं काय होईल ते होईल. खुलाशात काय लिहायचं ते त्यानं मनात जुळवायलासुद्धा घेतलं होतं. प्रामाणिकपणा, नवीन नोकरी, वय लहान, असं काही काही.

कपाटापाशी सर एकटे उभे होते. हातात आई-जर्नल. त्यांना बघायची सवय नुकतीच लागलेली, ती लगेच सुटेना. त्यांनी पाण्याचं पान उलटलं. पुढचं लंबकाचं. ते बघत राहिले. त्याच्या पुढचं भिंगाचं. त्याच्या पुढचं विजेचं. मग ते घाईघाईनं पानं चाळायला लागले.

"मामा, जरा इकडे या."

मामा गेला.

"हे लंबकाचं वाचन पाच-पाचनं वाढतंय." सरांचं बोट पानावर होतं. "भिंगाचं तीन-तीननं. विजेचं तर दोनचा पाढाच आहे." त्यांनी मान वर केली. चेहरा पांढराफटक. "तापमापी एकच फुटली होती ना? मग हे बाकीचे नऊ प्रयोग... ते तरी केले होतेत ना तुम्ही?"

मामानं हात पँटीला पुसले. मागे वळून बघितलं.

"सर, तिकडे पाणी उकळायला आलंय," तो म्हणाला. "मला आता निघायला हवं."